सुभेदारांच्या बिऱ्हाडाचे प्रस्थान

समाजाच्या वार्षिक स्मरणिकेसाठी इतिहासविषयक चार शब्द लिहावयाचे म्हटले म्हणजे लेखणी आपोआप महाडच्या तळ्याकडे, काळारामाच्या दाराकडे अथवा नागपूरच्या दीक्षाभूमीकडे वळते. ते स्वाभाविकच आहे. परंतु ज्या घटनांनी समाजाचे नशीब पालटले त्यांच्या आधी कोठेतरी एखाद्या घरात सामानाची बांधाबांध झालेली असते, एखादे पत्र गेलेले अथवा न पोचलेले असते, आणि त्याची नोंद कोणी फारशी ठेवीत नाही. प्रस्तुत लेखात आम्ही अशाच एका बिऱ्हाडाची हकीकत सांगण्याचे योजिले आहे. सुभेदार रामजी मालोजी सकपाळ यांचे हे बिऱ्हाड १८९६ पासून १९०४ पर्यंत साताऱ्यास होते आणि १९०४ साली ते सह्याद्री उतरून पश्चिमेस मुंबईकडे गेले. त्या घरातील सर्वांत धाकटा मुलगा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर म्हणून जगास ठाऊक झाला. चरित्रग्रंथांतून साताऱ्याची ही आठ वर्षे चारदोन पानांत आटोपली जातात. आमच्या मते मुंबईचे सारे वैभव त्या आठ वर्षांच्या उपासतापासावर उभे आहे.

तरुण वाचकांसाठी प्रारंभीच एक खुलासा करणे अवश्य आहे. त्या काळचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा पुष्कळ मोठा होता. वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यातच मोडत. सांगली व मिरज ही पटवर्धनांची संस्थाने निराळी होती. संस्थाने विलीन झाल्यानंतर १९४९ साली दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. यास्तव जुन्या कागदपत्रांत 'सातारकडील मनुष्य मुंबईस गेला' असे वाचावयास मिळते तेव्हा त्यात इस्लामपूरचा, तासगावचा आणि विट्याचाही मनुष्य आला, हे ध्यानात ठेविले पाहिजे. सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतील समाजबांधवांचा मुंबईचा इतिहास अशा रीतीने एकाच वाटेने घाट उतरलेला आहे.

ही वाट सर्वांस सारखी मोकळी नव्हती. गावोगावच्या महार वतनदारांची स्थिती काय होती हे आपल्यातील वडीलधाऱ्यांस निराळे सांगावयास नको. वतन म्हणजे तुटपुंजी जमीन, बलुत्याची भाकरी आणि त्याच्या मोबदल्यात रात्रंदिवस गावकीची हाक. पाटलाचा सांगावा, सरकारी टपाल, आल्यागेल्या अंमलदाराची सरबराई, मेलेले ढोर ओढणे, सांगावी तेवढी कामे थोडीच. एक भाऊ मुंबईस गेला तर त्याच्या पाळीचे काम मागे राहिलेल्या भावाने करावयाचे. ज्या घरी दुसरा भाऊ नाही त्या घराने गाव सोडावा कसा? १८७४ च्या वतन कायद्याने ही बांधणी पक्की केली होती. ती सैल करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे कौन्सिलात विधेयक आणले, परंतु कनिष्ठ गाववतने प्रत्यक्ष रद्द होण्यास स्वराज्यानंतरही दहा-अकरा वर्षे जावी लागली. तोपर्यंत मुंबईस जाणे म्हणजे केवळ पोटामागे जाणे नव्हते, तर वतनाच्या खुंट्यापासून दावे तोडून जाणे होते.

सुभेदारांचे घर या दाव्यातून एक पिढी आधीच सुटले होते, आणि ते सुटले पलटणीमुळे. सकपाळांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात असलेले आंबडवे. रामजींचे वडील मालोजी हे कंपनी सरकारच्या फौजेत होते. रामजीही फौजेत गेले, शिकले, शिक्षक झाले, आणि लष्करी शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापकी करून सुभेदार-मेजरच्या हुद्द्यापर्यंत चढले. त्यांच्या पत्नी भीमाबाई या मुरबाडकर सुभेदारांच्या कन्या. चौदा अपत्यांपैकी जी जगली त्यांत बाळाराम, आनंदराव, मंजुळा, तुळसा आणि १४ एप्रिल १८९१ रोजी महूच्या छावणीत जन्मलेला सर्वांत धाकटा भिवा ही होती. म्हणजे ज्यास आज आपण स्थलांतर म्हणतो ते या घरास नवे नव्हते. छावणी हलेल तसे घर हलावयाचे, ट्रंका बांधावयाच्या, नव्या गावी नवी चूल मांडावयाची, हा त्यांचा नित्याचा अनुभव होता.

परंतु ज्या पलटणीने घर वर आणले तिचे दार याच सुमारास बंद झाले. १८९२ च्या सुमारास सरकारने महारांची फौजेतील भरती थांबविली. दापोलीच्या छावणीतील गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. रामजींनीही न्यायमूर्ती रानड्यांच्या साहाय्याने असा एक अर्ज तयार करविला असे चरित्रकार सांगतात. अर्जांचा उपयोग झाला नाही. रामजी स्वतः निवृत्त होऊन पेन्शनवर आलेच होते. आपण ज्या शिडीने चढलो ती आपल्या मुलांसाठी उरलेली नाही, हे त्या शिक्षकाच्या बुद्धीस कळले नसेल असे मानणे कठीण आहे. आता मुलांपुढे दोनच वाटा होत्या, एक मागे वतनाकडे आणि दुसरी पुढे इंग्रजी शाळेकडे. सुभेदारांनी जे काही केले ते सर्व या दुसऱ्या वाटेच्या धोरणाने केले, असे आम्हांस वाटते.

निवृत्तीनंतर हे कुटुंब आधी दापोलीस राहिले. तेथेच कायम स्थायिक व्हावे असा बेत होता, पण तो फिरला. रामजींस साताऱ्याच्या छावणीत बांधकाम खात्याकडे स्टोअरकीपरची नोकरी मिळाली आणि १८९६ साली बिऱ्हाड कोकणातून घाटावर चढले. त्याच वर्षी भीमाबाईंनी साताऱ्यास देह ठेविला. भिवा तेव्हा अवघा पाच वर्षांचा होता. रामजींच्या भगिनी मीराबाई यांनी मुलांना पोटाशी धरले. ही आत्या स्वभावाने अत्यंत मायाळू, परंतु शरीराने ठेंगणी आणि पायांनी अधू. पुष्कळ वेळा तिला उचलून न्यावे लागे.

साताऱ्यात घरोघर परटाकडे कपडे जात, न्हावी दारोदार फिरे. या घराचे कपडे मात्र बहिणी धूत आणि केस कापण्याचे कामही घरातील बहिणीनेच शिकून घेतले होते. साताऱ्यास न्हावी नव्हते काय? होते, आणि सुभेदारांकडे त्यांस द्यावयास पैसेही होते. शाळेत भिवास निराळ्या कोपऱ्यात, घरून नेलेल्या गोणपाटावर बसावे लागे. तहान लागली तर शिपायाने नळ सोडावा तेव्हा पाणी. शिपाई नसेल त्या दिवशी पाणी नाही. बाबासाहेबांनी पुढे हे सर्व स्वतःच्या आठवणींत लिहून ठेविले आहे. त्यात आम्ही आमच्या पदरचे काही घातलेले नाही.

साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलाच्या दाखल्याच्या पुस्तकात ७ नोव्हेंबर १९०० ही तारीख आहे. १९१४ व्या क्रमांकापुढे 'भिवा रामजी आंबेडकर' असे नाव लिहिलेले आहे. ही शाळा पुढे प्रतापसिंह हायस्कूल म्हणून प्रसिद्ध झाली आणि २०१७ पासून महाराष्ट्र शासन हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळते. सकपाळांचा मुलगा आंबेडकर कसा झाला याविषयी परंपरेने असे सांगतात की, आंबडव्यावरून आंबडवेकर हे आडनाव आले आणि आंबेडकर नावाच्या एका ब्राह्मण शिक्षकाने, ज्याची या मुलावर माया होती, आपलेच आडनाव त्यास लाविले. छत्रपतींच्या जुन्या राजवाड्यातल्या त्या वर्गात एकाच वेळी गोणपाटही होते आणि ही मायाही होती. इतिहास लिहिणाराने दोहोंपैकी एकच निवडू नये.

यानंतर दुष्काळ आला. १८९६-९७ चा एक आणि १८९९-१९०० चा त्याहून दारुण दुसरा. माण, खटाव, खानापूर हा आमचा पूर्वेकडील पट्टा मुळातच अवर्षणाचा. त्यात ही दोन वर्षे. लोक हजारोंनी मरत होते. सरकारने दुष्काळी कामे काढिली आणि खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे तलावाचे खोदकाम सुरू झाले. त्या कामावर मजुरीचा हिशेब व रोकड सांभाळण्यासाठी रामजींची खजिनदार म्हणून नेमणूक झाली.

येथे थोडे विषयांतर करून एक शंका निवारण करणे आम्हांस जरूर वाटते. बाबासाहेबांच्या आठवणींच्या छापील प्रतींत हे गाव कोठे 'गोरेगाव' तर कोठे 'कोरेगाव' असे आढळते आणि कित्येक लेखकांनी ते कोरेगाव तालुक्याचे मुख्य गाव समजून लिहिले आहे. आमच्या भागातील कोणाही मनुष्यास यातील चूक तत्काळ कळावी. कोरेगाव हे खटाव तालुक्यात नव्हे, ते स्वतःच तालुक्याचे ठिकाण आहे; आणि साताऱ्याच्या पुढचेच रेल्वेस्टेशन कोरेगाव. तेथे जाणारी मुले रहिमतपूर, तारगाव ओलांडून मसुरास कशास उतरतील? ती मसुरास उतरली हे बाबासाहेब स्वतः सांगतात. अर्थात हे गाव खटावातील गोरेगावच होय. गोष्ट लहान आहे, परंतु ज्या रस्त्यावर ती मुले तहानलेली राहिली तो रस्ता तरी आपण बरोबर ओळखावा.

रामजी गोरेगावी गेले तेव्हा साताऱ्याच्या घरी राहिली कोण? भिवा, त्याचा थोरला भाऊ, दिवंगत थोरल्या बहिणीची दोन मुले आणि अधू आत्या. इतर बहिणी लग्न होऊन सासरी गेल्या होत्या. चारही मुले शाळेत जाणारी. आत्याच्याने स्वयंपाक होईना, तेव्हा शाळा सांभाळून मुलेच स्वयंपाक करीत. भाकरी थापणे त्यांस जमेना. म्हणून तांदूळ आणि मटण एकत्र शिजवून त्याचा पुलाव करावयाचा आणि तोच खावयाचा, असा त्यांचा नेम होता. शेजारी भले होते, ते लक्ष ठेवीत. घरचा कर्ता पुरुष दूर, आणि दोहोंमध्ये दुवा एकच, तो म्हणजे टपाल.

या टपालाविषयी थोडे लिहिले पाहिजे. १८७९ च्या जुलैत सरकारने पाव आण्याचे कार्ड काढिले आणि १८८० पासून टपालखाते मनिऑर्डरी पोचवू लागले. या दोन गोष्टींनी गरिबाच्या स्थलांतराचे स्वरूपच बदलून टाकिले, असे आम्ही धाडसाने म्हणू. त्यापूर्वी घाट उतरलेला मनुष्य म्हणजे जवळजवळ मेलेला मनुष्य. कोणी गाववाला परत येईल तेव्हा त्याची खबर. आता पाव आण्यात खुशाली कळू लागली. परंतु आपल्या वस्तीत कार्ड आले तरी ते वाचावयाचे कोणी? शाळामास्तरास विनवावे, किंवा पेन्शनीत आलेल्या एखाद्या हवालदाराकडे जावे, आणि घरची सुखदुःखे चारचौघांत मोठ्याने ऐकावी, ही रीत. सुभेदारांच्या घरात तसे नव्हते. तेथे बाप लिही आणि मुले वाचीत. मुले लिहीत आणि बाप वाची. महाराच्या घरातील दोन पिढ्या परस्परांशी स्वतःच्या हस्ताक्षरात बोलत आहेत, हे दृश्य त्या काळी साऱ्या जिल्ह्यात किती घरी दिसले असते?

१९०१ च्या उन्हाळ्यात रामजींचे पत्र आले. रोकड सोडून आपणांस साताऱ्यास येता येत नाही, तरी सुटीत तुम्हीच गोरेगावी या, असा मजकूर होता. प्रवास कसा करावयाचा याचा सर्व तपशील त्यांनी दिला होता. कोणत्या दिवशी निघणार ते आधी कळवा म्हणजे स्टेशनवर शिपाई पाठवितो, असेही लिहिले होते. मुलांस आनंद मावेना, कारण त्यांनी तोवर आगगाडी पाहिलेली नव्हती. तयारी मोठी झाली. विलायती कापडाचे नवे सदरे, झगमगीत कलाबुती टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. मुलांनी निघण्याचा दिवस पत्राने कळविला, आत्यास शेजाऱ्यांच्या हवाली केले आणि टांगा करून दहा मैलांवरील स्टेशन गाठले. खाऊसाठी मिळालेल्या पैशांतून त्यांनी लेमनेडची बाटली फोडली, आणि शिट्टी होताच गाडी चुकेल या भयाने धावत जाऊन डब्यात बसली. एवढा भाग वाचताना कोणाही घरच्या मुलांची हौस आठवावी.

सायंकाळी पाचच्या सुमारास गाडी मसुरास आली. उतारू पांगले, चार मुले फलाटावर उभी. शिपाई नाही, बाप नाही. तास-दीड तास गेल्यावर स्टेशनमास्तर आला. पोशाखावरून त्यास ही ब्राह्मणांची मुले वाटली आणि त्याने आपुलकीने चौकशी केली. भिवाने भोळेपणाने सांगून टाकिले की, आम्ही महार. त्या गृहस्थाचा चेहरा पालटला. बाहेर भाड्याच्या पुष्कळ गाड्या उभ्या होत्या. दुप्पट भाडे देऊ केले तरी कोणी नेईना. शेवटी असा तोडगा निघाला की, गाडी मुलांनीच हाकावी, गाडीवानाने बरोबर पायी चालावे आणि भाडे मात्र दुप्पट घ्यावे. ज्याचा धंदाच गाडी हाकण्याचा, तो भाडे घेऊन पायी चालतो आणि नऊ वर्षांचे पोर कासरा धरते, यापेक्षा रूढीचे निराळे वर्णन करावयास नको.

तीन तासांत पोचू, असे गाडीवान म्हणाला होता. वाटेत नदीकाठी तो जवळच्या खेड्यात जाऊन जेवून आला. मुलांजवळ डब्यात भरपूर खाणे होते, परंतु पाणी नव्हते. नदीच्या पात्रात जे होते ते चिखलाचे, गुरांच्या मलमूत्राने घाण झालेले. चौघेही तसेच उपाशी गाडीत बसले. काळोख दाटला, रस्ता संपेना, अंगावर सोन्याचे दागिने, गाडीवानाचा भरवसा वाटेना. मुले रडू लागली. पुष्कळ रात्री डोंगराच्या पायथ्याशी एक दिवा दिसला, तो टोलनाक्याचा होता. आपण मुसलमान आहो असे सांगून पहा, कदाचित पाणी मिळेल, असा सल्ला गाडीवानाने दिला. भिवाने जाऊन नाकेदाराशी उर्दूत बोलणे केले. नाकेदार म्हणाला, तुमच्यासाठी येथे कोणी पाणी भरून ठेविले आहे काय? पाणी डोंगरावर आहे, जा आणि घ्या. जवळ अन्न असून पाण्यावाचून ती मुले उपाशी झोपली. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता गाडी गोरेगावास लागली.

आणि तेथे काय आढळले? रामजी आश्चर्यचकित झाले. मुले येणार हे त्यांस ठाऊकच नव्हते. आम्ही पत्र पाठविले होते, असे मुले सांगत. मला मिळाले नाही, असे बाप म्हणे. शेवटी उलगडा झाला. पत्र आले होते, रामजींच्या नोकराच्या हाती पडले होते, आणि ते मालकास द्यावयाचे तो विसरला होता.

ही हकीकत बाबासाहेबांनी १९३५-३६ च्या सुमारास लिहून ठेविली. त्यांच्या निर्वाणानंतर, १९९० साली, पीपल्स एज्युकेशन सोसायटीने ती पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. तिच्यातील पाण्याचा भाग सर्वांच्या लक्षात राहतो. आमचे लक्ष त्या पत्राकडे वारंवार जाते. या घराने कागदावर किती विश्वास ठेविला होता! अर्ज करावा, पत्र लिहावे, दाखला घ्यावा, सर्व काही शिस्तीने अगोदर कळवावे, म्हणजे मार्ग मोकळा होईल, ही रामजींची छावणीतील शिकवण होती. मुलांनी ती अक्षरशः पाळिली. तथापि दुसऱ्या कोणाचे मूल असते तर पत्र चुकल्याचा परिणाम एवढाच झाला असता की, ते भाड्याची गाडी करून, वाटेत दोन ठिकाणी पाणी पिऊन, रात्री नऊला बापाच्या घरी पोचले असते. एका नोकराच्या विसराळूपणाचे रूपांतर जिवावरच्या संकटात झाले ते मसूर आणि गोरेगाव यांच्या दरम्यान पसरलेल्या समाजामुळे. तो विसराळू नोकर कोण होता, हे बाबासाहेबांनी लिहिलेले नाही, आणि त्यास दोषही फारसा दिलेला नाही.

याच काळात साताऱ्याच्या त्या घरी दुसऱ्याही वार्ता येत होत्या, त्या मुंबईहून. साताऱ्याकडील पोरांस गिरण्यांत काम मिळते, ही खबर भिवाच्या कानी बहिणींकडून आली होती. रामजींनी दुसरे लग्न केले होते. सावत्र आईच्या अंगावर आपल्या आईचे दागिने पाहून त्या पोराचे मन उडाले होते. बापाच्या अन्नावर राहावयाचे नाही, मुंबईस जाऊन गिरणीत पोऱ्या व्हावयाचे, असे त्याने ठरविले. भाड्यास पैसे हवेत म्हणून, जी आत्या त्यास कुशीत घेऊन निजे तिच्याच कनवटीची पिशवी चोरण्याचा त्याने तीन रात्री प्रयत्न केला. चौथ्या रात्री पिशवी हाती आली. आत निघाला अर्धा आणा! अर्ध्या आण्यात मुंबई गाठत नाही. तेव्हा त्याने चोरीचा नाद सोडला, आळस सोडला आणि मन लावून अभ्यास करून लौकर स्वतःच्या पायांवर उभे राहावयाचे असा निश्चय केला. हे त्यांनीच पुढे सांगितले आहे. मीराबाई आत्याच्या दारिद्र्याचे आपल्या समाजावर असे हे ऋण आहे. त्या पिशवीत दोन रुपये असते तर परळच्या एखाद्या गिरणीस एक पोऱ्या अधिक मिळाला असता, आणि त्यापुढचा विचार करवत नाही.

कारण मुंबईकडे जाणारी सर्व वाट गिरणीच्या फाटकापाशीच जात होती. १८५४ साली मुंबईत पहिल्या कापड गिरणीची स्थापना झाली. घाटातून आगगाडी झाली, पुढे पुणे-मिरज मार्गही झाला, आणि रत्नागिरी व सातारा या दोन जिल्ह्यांनी गिरणगाव भरून काढिला. आपली मंडळी तेथेही शेवटच्या पायरीवर राहिली. कापडखात्यात धोटा बदलताना सूत तोंडाने ओढावे लागे, म्हणून ते अधिक मजुरीचे खाते आपणांस बंद. मुंबईने वतन सोडविले, पण विटाळ पुरता सोडविला नाही.

१९०४ साली सुभेदारांनी साताऱ्याचे बिऱ्हाड मोडले. त्यांची नोकरी संपली होती, हाती पेन्शन तेवढी. अशा वेळी पेन्शनर मनुष्य स्वस्ताईच्या गावी जातो. आंबडव्यास मूळ घर होते, दापोलीस ओळखी होत्या. रामजींनी नेमके उलट केले, महागाईच्या शहरात मुलांस घेऊन गेले. यातच त्यांचा हेतू स्पष्ट होतो. मुंबईस जाणाऱ्या आमच्या शेकडो कुटुंबांचा हिशेब असा की, दोन हात अधिक तर दोन मजुऱ्या अधिक. सुभेदारांचा हिशेब असा की, मुंबईस एल्फिन्स्टन हायस्कूल आहे. या अर्थाने आम्ही या बिऱ्हाडास अग्रेसर म्हणतो. मुंबईस जाणारे ते पहिले नव्हते, परंतु मजुरीऐवजी विद्येसाठी जाणारे तसे घर त्यांच्याआधीचे आमच्या पाहण्यात नाही.

साताऱ्यास मागे राहिले ते काय? भीमाबाईंची समाधी, दाखल्याच्या पुस्तकातील १९१४ व्या क्रमांकाची ओळ, आणि आठ वर्षांचे शेजारी. पुण्याहून गाडी बोरघाटात शिरली आणि एके काळी कोकणातून वर चढलेले हे बिऱ्हाड पुन्हा घाटाखाली उतरले.

परळला डबक चाळीत एक खोली मिळाली. तीच चूल, तीच बैठक, तोच अभ्यास. जागा इतकी अपुरी की, रात्री मुलगा आधी झोपे आणि रामजी जागत बसत. दोन वाजता ते त्यास उठवीत आणि त्याच्या जागेवर आपण अंग टाकीत. पहाटेपर्यंत मिणमिणत्या दिव्याखाली वाचन चाले. पुस्तकाची मागणी झाली आणि हाती पैसा नसला म्हणजे सुभेदार मुंबईतील लेकीकडे जात, उसने मागत. तिच्याजवळ रोकड नसेल तर तिचा एखादा दागिना घेऊन गहाण ठेवीत आणि पुस्तक घेऊन घरी येत. पेन्शन मिळताच दागिना सोडवून परत द्यावयाचा. ज्या घरातील बहिणींनी साताऱ्यास भावाचे केस कापले, त्याच घरातील लेकींचे दागिने असे मुंबईस पुस्तकांसाठी पेढीवर जाऊन आले. चरित्रांत या बहिणींस एकेक ओळ मिळते. स्मरणिकेच्या संपादकांनी पुढेमागे मंजुळाबाई व तुळसाबाई यांच्यावर स्वतंत्र लेख मिळवावा, अशी आमची त्यांस विनंती आहे.

मॅट्रिकची परीक्षा १९०७ साली पार पडली. सीताराम केशव बोले यांच्या अध्यक्षतेखाली अभिनंदनाची सभा झाली आणि तीत कृष्णराव अर्जुन केळुसकरांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या मुलास भेट दिले. केळुसकरांच्याच खटपटीने सयाजीराव महाराजांची दरमहा २५ रुपयांची शिष्यवृत्ती मिळाली आणि १९१२ साली मुलगा बी. ए. झाला. ही पुढील हकीकत सर्वश्रुत आहे, म्हणून ती येथे आवरती घेतो.

२ फेब्रुवारी १९१३ रोजी सुभेदारांनी मुंबईस डोळे मिटले. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यानंतर भीमराव बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर आणखी पश्चिमेस, समुद्रापार न्यूयॉर्कला निघाले. खुशालीचे पत्र ज्यांना लिहावयाचे ते वडील आता नव्हते. ऑगस्टमध्ये तेथून त्यांनी वडिलांच्या एका स्नेह्यास पत्र लिहिले. आईबाप मुलास केवळ जन्म देतात असे नव्हे, तर त्याच्या आयुष्यास वळणही लावू शकतात, असे त्यांनी त्यात म्हटले होते; आणि मुलांच्या बरोबरीने मुलींच्या शिक्षणाची कास धरली तर आपली प्रगती वेगाने होईल, असे लिहून त्या स्नेह्याच्या स्वतःच्या मुलीचाच दाखला दिला होता. हे पत्र मात्र पोचले.